परक्या युद्धातल्या ‘प्रगती’चा अहवाल कसा वाचायचा : इराक २००७ घेऊन केलेला सराव

सप्टेंबर २००७मध्ये मी एका मराठी दैनिकात रात्रपाळीला होतो. इराकमधले अमेरिकी सेनापती जनरल डेव्हिड पेट्रेयस यांची वॉशिंग्टनमधली साक्ष वृत्तसंस्थेवरून तुकड्यातुकड्याने येत होती. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मी मथळा दिला : ‘इराकमधील हिंसाचार ४५ टक्क्यांवर’.

एका ओळीत तीन चुका. पेट्रेयस ‘हिंसाचारा’बद्दल नव्हे, नागरिकांच्या मृत्यूंबद्दल बोलत होते. ते मृत्यू ४५ टक्क्यां‘वर’ आले नव्हते, ४५ टक्क्यां‘हून अधिक’ घटले होते. आणि कधीपासून घटले, हे मथळ्यात नव्हतंच.

मी निदान घाईत होतो. आज लोक निवांत बसून, चहा घेत घेत त्याच चुका करतात, कारण अशा अहवालाला विचारलेला त्यांचा पहिला प्रश्नच असतो : ‘खोटं कोण बोलतंय?’ हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधीच्या पायऱ्या खाली दिल्या आहेत. क्रम बदलू नका. सरावासाठी इराक २००७ घेतलं आहे, कारण एकाच महिन्यात, एकाच युद्धावर, वेगवेगळ्या निष्कर्षांचे चार कागद आले आणि आज ते सगळे कोणालाही वाचता येतात.

## तयारी : आधी कागद, मग मत

हे सहा दस्तऐवज तारखेच्या क्रमाने लावा.

- मे २००७चा खर्चमंजुरीचा कायदा. इराकी सरकारने गाठायचे १८ निकष यात आहेत.
- १२ जुलै : व्हाइट हाउसचा अंतरिम अहवाल.
- ४ सप्टेंबर : गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा अहवाल. पुढे हिला जीएओ म्हणू. साधारण आपल्या कॅगसारखी संस्था, पण अमेरिकी संसदेच्या अखत्यारीतली.
- ६ सप्टेंबर : निवृत्त जनरल जेम्स जोन्स यांच्या आयोगाचा, इराकी सैन्य आणि पोलिसांबद्दलचा अहवाल.
- १० आणि ११ सप्टेंबर : पेट्रेयस आणि राजदूत रायन क्रॉकर यांची साक्ष.
- १४ सप्टेंबर : व्हाइट हाउसचा पुढचा अहवाल.

आता वहीचं एक पान आडवं धरा आणि आठ रकाने आखा : कोणी मागवला, प्रश्न काय होता, काय मोजलं, कोणी मोजलं, कोणत्या महिन्यापासून, कारण कोणतं सांगितलं, कशासाठी चाललंय, आणि सगळ्यात उजवीकडे ‘पक्ष काय म्हणाले’. हा शेवटचा रकाना घडी घालून मागे दुमडून ठेवा. खरोखर दुमडा, थट्टा नाही.

मराठीत वाचत असाल तर आधी हे तीन शब्द तपासा. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे मृत आणि जखमी मिळून. आपल्याकडे त्याचं सर्रास ‘ठार’ होतं आणि आकडा कित्येक पटींनी खोटा ठरतो. ‘ट्रूप्स’ म्हणजे सैनिक. ‘३० हजार तुकड्या रवाना’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे, तेवढ्या तुकड्या पृथ्वीवरच्या कुठल्याच सैन्याकडे नसतील. तिसरं म्हणजे टक्क्यांपुढचं ‘नी’ आणि ‘वर’. मृत्यू ७० टक्क्यांनी घटले म्हणजे शंभराचे तीस उरले. ७० टक्क्यांवर आले म्हणजे सत्तर उरले. बातमीत शंका आली तर मूळ वाक्य शोधा. सापडलं नाही तर तो आकडा वहीत घेऊ नका.

## पायरी १ : अहवाल कोणी आणि का मागवला?

नोव्हेंबर २००६च्या निवडणुकीत संसदेची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. त्यांनी सैन्यमाघारीचं वेळापत्रक घातलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १ मे २००७ला नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्याच महिन्यात तडजोड झाली : वेळापत्रक नाही, पण १८ निकष आणि ठरलेल्या तारखांना अहवाल. म्हणजे हे अहवाल भांडणातूनच जन्मले होते. कुठलाही ‘तटस्थ’ म्हणून आकाशातून पडला नव्हता.

वहीत एवढंच लिहा : व्हाइट हाउसचा अहवाल युद्ध चालवणाऱ्याने स्वतःबद्दल लिहिलेला, जीएओचा संसदेच्या लेखापरीक्षकाने, जोन्स यांचा संसदेच्या सांगण्यावरून नेमलेल्या जुन्या सेनाधिकाऱ्यांनी आणि पोलीसप्रमुखांनी. पेट्रेयस यांनी साक्षीच्या सुरुवातीलाच सांगितलं, की हे निवेदन मी स्वतः लिहिलं आहे, पेंटागॉन किंवा व्हाइट हाउसला आधी दाखवलेलं नाही. तेही नोंदवा.

सावधान : या रकान्यावरून निकाल देऊ नका. ‘सरकारचा आहे, म्हणजे खोटा’ हे वाचन नव्हे, वाचायचा कंटाळा आहे.

## पायरी २ : प्रश्नातलं क्रियापद शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक भांडणं इथेच सुटतात.

१२ जुलैला व्हाइट हाउसने सांगितलं : अठरापैकी ८ निकषांवर प्रगती समाधानकारक, ८वर असमाधानकारक, २वर संमिश्र. ४ सप्टेंबरला जीएओने सांगितलं : ३ पूर्ण, ४ अंशतः पूर्ण, ११ अपूर्ण. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी टीव्हीवर आकडे फेकाफेकी. आठ की तीन?

कायदा उघडा. राष्ट्राध्यक्षांना विचारलं होतं : समाधानकारक प्रगती *होत आहे* का? जीएओला विचारलं होतं : निकष *पूर्ण झाला* का? दोन वेगळे प्रश्न, एकाच कायद्यात, संसदेनेच लिहिलेले. आपण घराच्या हप्त्यांवर वाढलेली माणसं आहोत, आपल्याला हे कळायला हवं. बिल्डर म्हणतो काम छान चाललंय. ग्राहक म्हणतो ताबा मिळालेला नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात.

एक निकष घेऊन करून बघा. सद्दामच्या बाथ पक्षात असलेल्या लोकांना सरकारी नोकरीत परत घेण्याचा कायदा. जुलैत व्हाइट हाउसनेच इथे ‘असमाधानकारक’ म्हटलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस बगदादमधल्या प्रमुख नेत्यांची यावर सहमती झाली. १४ सप्टेंबरला व्हाइट हाउसने शेरा बदलून ‘समाधानकारक’ केला आणि त्यांचा एकूण आकडा ९ झाला. जीएओने त्याच निकषासमोर ‘अपूर्ण’ लिहिलं, कारण कायदा मंजूर झालेला नव्हता. तो झाला जानेवारी २००८मध्ये. आता सांगा, सप्टेंबरात कोण खोटं बोलत होतं?

माझं विचाराल तर, चार महिन्यांचं लक्ष्य असताना ‘प्रगती होत आहे का’ हा प्रश्न फार ढिला होता. त्याला ‘हो’ म्हणायला थोडीशी हालचालही पुरते. उलट ‘पूर्ण झाला का’ हा प्रश्न इतका ताठ, की जीएओला स्वतःहून ‘अंशतः’ हा तिसरा खण करावा लागला. कायद्यात तो नव्हता.

तपासणी : वहीत दोन्ही क्रियापदं शेजारीशेजारी लिहिली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३ : काय मोजलं?

‘हिंसाचार’ नावाची वस्तू कोणी मोजत नाही. मोजतात ते हल्ले, नागरिकांचे मृत्यू, पंथीय (म्हणजे शिया-सुन्नी वैरातल्या) हत्या, सैनिकांचे मृत्यू. प्रत्येकाला वेगळी ओळ द्या.

पेट्रेयस यांच्या साक्षीतून : नागरिकांचे मृत्यू देशभरात ४५ टक्क्यांहून अधिक घटले, बगदादमध्ये सुमारे ७० टक्क्यांनी. वांशिक आणि पंथीय हत्या देशभरात ५५ टक्क्यांहून अधिक घटल्या, बगदादमध्ये सुमारे ८० टक्क्यांनी.

जीएओच्या अहवालातून : नागरिकांवरच्या रोजच्या हल्ल्यांची सरासरी फेब्रुवारी ते जुलै २००७ जवळपास तेवढीच. पंथीय हिंसाचार कमी झाला की नाही, हे स्पष्ट नाही.

पहिल्या वाचनात हे एकमेकांना छेद देतं. पण एकाने मृत्यू मोजलेत, दुसऱ्याने हल्ले. हल्ले तितकेच राहून मृत्यू कमी होऊ शकतात. एकाची तुलना डिसेंबरपासून, दुसऱ्याची फेब्रुवारीपासून. जीएओचे आकडे जुलैला थांबतात, पेट्रेयस यांचे ऑगस्टमध्ये जातात. एवढं वजा केल्यावर जो मतभेद उरतो तो खरा, आणि तो एकाच जागी आहे : हत्या ‘पंथीय’ होती हे कोणी, कसं ठरवायचं? रस्त्याकडेला सापडलेल्या प्रेताचा खुनी कोणत्या हेतूने आला होता, हे जीएओच्या मते खात्रीने सांगता येत नव्हतं. सैन्य म्हणत होतं की आमची पद्धत दोन गुप्तचर संस्थांनी तपासली आहे. हा वाद तुम्हाला घरबसल्या सोडवता येणार नाही. वहीत ‘उघडा’ लिहा आणि पुढे चला.

शिया गटांची आपापसातली मारामारी ‘पंथीय’ या व्याख्येत बसतच नाही, हेही लक्षात ठेवा. दक्षिणेत बसऱ्याकडे नेमकी तीच चालू होती.

सावधान : व्याख्या बदलून आकडा आटोक्यात ठेवता येतो. १९६७मध्ये व्हिएतनाममधल्या शत्रूची संख्या किती, यावर अमेरिकी सैन्य आणि सीआयए यांच्यात जुंपली होती. गावोगावच्या अर्धवेळ हत्यारबंद लोकांना मोजणीतून वगळलं, की एकूण संख्या तीन लाखांच्या खाली राहत होती. त्यांना वगळलं गेलं. जानेवारी १९६८च्या अखेरीस त्याच शत्रूने दक्षिण व्हिएतनामभर एकदम मोठा हल्ला चढवला, टेटचा हल्ला म्हणतात तो.

## पायरी ४ : पहिला महिना कोणता?

पेट्रेयस यांची बरीच तुलना डिसेंबर २००६शी होती, आणि तो हिंसेचा कळस होता. ते त्यांनी लपवलं नाही, साक्षीत ‘कळस’ असाच उल्लेख आहे. पण बातमीत येईपर्यंत तो शब्द गळतो. माझ्या मथळ्यात नाही का गळला?

कळसापासून मोजलं तर उतारच दिसणार. म्हणून प्रत्येक आकड्यासाठी तीन मुक्काम घ्या : कळस, बरोबर एक वर्ष आधीचा तोच महिना, आणि नवं धोरण (इथे ज्यादा सैन्य धाडण्याचं) सुरू होण्याआधीचा महिना. इराकमध्ये हंगामाचाही हिशेब आहे; आधीच्या वर्षांत रमजानच्या सुमारास हल्ले वाढत, आणि २००७चा रमजान साक्षीनंतर दोन-तीन दिवसांतच सुरू व्हायचा होता. जूनची तुलना ऑक्टोबरशी करणं म्हणजे मे महिन्यातल्या धरणाच्या पातळीची सप्टेंबरशी तुलना करणं.

इथे उलटी चूकही होते. ‘कळसापासून मोजलंय, म्हणजे घट खोटी’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. ती खोटी नव्हती. इराकमध्ये अमेरिकी सैनिक सगळ्यात जास्त मारले गेले ते २००७मध्येच, ९०४. पुढच्या वर्षी ३१४.

## पायरी ५ : घट आणि घटीचं कारण वेगळं ठेवा

फक्त तारखा लावा.

- सप्टेंबर २००६ : अनबार प्रांतात सुन्नी टोळ्या अल-कायदाविरुद्ध एकत्र येतात.
- १० जानेवारी २००७ : बुश ज्यादा कुमक जाहीर करतात, पाच ब्रिगेड (एका ब्रिगेडमध्ये काही हजार सैनिक).
- जून २००७चा मध्य : पाचही ब्रिगेड पोहोचतात.
- २९ ऑगस्ट २००७ : शिया नेते मुक्तदा अल-सद्र आपल्या खासगी फौजेला कारवाया थांबवायला सांगतात.

अनबारमधले महिन्याचे हल्ले ऑक्टोबर २००६मध्ये सुमारे १,३५०, ऑगस्ट २००७मध्ये दोनशेच्या थोडे वर. हा आकडा ज्यादा कुमकीचं यश म्हणून फिरत होता. पण टोळ्यांचा उठाव कुमक जाहीर होण्याच्या चार महिने आधीचा. कुमकीने तो टिकवला असेल, पसरवला असेल; सुरू केला नव्हता. दुसरीकडे ‘सगळं टोळ्यांनी केलं’ म्हणणाऱ्यांना बगदादचं स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि तिथे आणखी एक उदास कारण होतं : कित्येक मोहल्ले तोवर एकाच पंथाचे उरले होते. मारायला शेजारी राहिला नव्हता.

तपासणी : कारणाची तारीख परिणामाच्या आधीची आहे का? नसेल तर खोडा. असेल तर ‘शक्य’ एवढंच लिहा.

## पायरी ६ : हे कशासाठी चाललं होतं?

ज्यादा कुमकीचा जाहीर उद्देश होता, बगदाद शांत करून इराकी नेत्यांना समेटासाठी उसंत मिळवून देणं. म्हणजे दोन खाती : सुरक्षा आणि समेट. रिपब्लिकन पहिलं वाचून दाखवत होते, डेमोक्रॅट दुसरं.

जोन्स आयोगाचा कागद इथे कामाला येतो. इराकी लष्कर सुधारतंय, पण येत्या १२ ते १८ महिन्यांत ते स्वतंत्रपणे देश सांभाळू शकणार नाही. राष्ट्रीय पोलीस दल मात्र बरखास्त करून नव्याने उभारावं. सहा कागदांतला हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. तो फार कोणी उद्धृत केला नाही, कारण प्रत्येक बाजूला त्यातलं अर्धंच वाक्य हवं होतं.

११ सप्टेंबरला रिपब्लिकन सिनेटर जॉन वॉर्नर यांनी पेट्रेयस यांना विचारलं, की याने अमेरिका अधिक सुरक्षित होते का. उत्तर होतं : खरं तर, मला माहीत नाही. त्याच दिवशी नंतर त्यांनी ते सावरूनही घेतलं. पण सेनापतीच्या आकड्यांची हद्द कुठे संपते, ते त्या उत्तरात दिसतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या, बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाने वर सरकत होती. अमारा घेतलं, कुट घेतलं, प्रत्येक वेळी प्रगतीची तार खरीच होती. फक्त उद्देश दर टप्प्याला पुढे सरकत होता : आधी तेल आणि बसऱ्याचं रक्षण, मग बगदाद. २९ एप्रिल १९१६ला ती कुटमध्ये तुर्कांना शरण गेली.

## पायरी ७ : आता घडी उलगडा

पक्षांची विधानं आत्ता वाचा, आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा : हे अहवालाच्या आधी म्हटलं की नंतर?

डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांनी ‘हे युद्ध हरलेलं आहे’ असं एप्रिल २००७मध्ये म्हटलं. पाच ब्रिगेड पोहोचायला दोन महिने होते. रिपब्लिकन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी बंडखोरी ‘शेवटचे आचके’ देत असल्याचं मे २००५मध्ये म्हटलं. हिंसेचा कळस आला तो त्यानंतर दीड वर्षाने. मूव्हऑन या युद्धविरोधी, डाव्या कलाच्या संघटनेने पेट्रेयस यांच्या नावावर कोटी करून त्यांना विश्वासघातकी ठरवणारी पानभर जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिली, ती १० सप्टेंबरच्या सकाळी. साक्ष दुपारची. पुढे सिनेटने त्या जाहिरातीचा ७२ विरुद्ध २५ मतांनी निषेध केला. आदल्याच दिवशी सैनिकांना दोन तैनातींमध्ये पुरेशी विश्रांती देण्याची सूचना ५६ विरुद्ध ४४वर अडकली होती, ६० मतं लागत होती म्हणून. जाहिरातीवर जमलं.

आपल्या पक्षाला गैरसोयीचं बोलणाऱ्याचं विधान अधोरेखित करा. रिपब्लिकनांत रिचर्ड लुगर यांनी २५ जूनला सिनेटमध्ये धोरण बदलायला सांगितलं होतं. अशी माणसं बरोबरच असतात असं नाही, पण त्यांनी निदान कागद वाचलेला असण्याची शक्यता जास्त.

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ आणि त्याचा शेजारी यांचं यावरून बोलणं बंद झालं होतं. दोघांपैकी एकानेही जीएओचा अहवाल उघडलेला नव्हता.

## पायरी ८ : सहा महिन्यांनी पान पुन्हा उघडा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. वहीत आधीच तारीख टाकून ठेवा. मार्च २००८ला इराकचं पान उघडलं असतं तर दिसलं असतं : मृत्यूंची घट टिकली, बाथ पक्षाबद्दलचा कायदा जानेवारीत झाला, माफीचा आणि प्रांतांच्या अधिकारांचा फेब्रुवारीत, आणि महिन्याच्या अखेरीस बसऱ्यात शिया गटांविरुद्ध मोठी लढाई पेटली, जी ‘पंथीय’ रकान्यात कधी दिसलीच नव्हती. जून २०१४मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं, म्हणून २००७चे आकडे मागे जाऊन खोटे ठरवू नका. तो नवा प्रश्न आहे, त्याला नवं पान घ्या.

शेवटची सावधगिरी : रकानाच गायब झाला तर. अफगाणिस्तानात किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या, हे अमेरिकी महानिरीक्षक कार्यालय तिमाही अहवालात छापत असे. सरकारचा वाटा घसरत गेला. २०१९मध्ये सैन्याने ती मोजणीच बंद केली, निर्णय घ्यायला तिचा फारसा उपयोग नाही असं सांगून. अशा वेळी रकाना खोडू नका. त्यात ‘मोजणं थांबवलं’ लिहा, महिना टाका, आणि शेवटचा आकडा जवळ ठेवा.